बोट कुठे आहे?

आमच्या घरात समुद्राचा विषय वर्षातून दोनदाच निघतो. एकदा पापलेटचा भाव ऐकून मी बाजारातून बटाटे घेऊन परत येतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा पावसाळ्यात न्हाणीघरातले पाणी हॉलच्या भेटीला येते तेव्हा. त्यामुळे २०२४ च्या गणपतीत, ऐन आरतीच्या वेळी, हातात तबक घेऊन उभी असलेली आमची ही जेव्हा कानाशी कुजबुजली, "अहो, या डिसेंबरात आपण क्रूझला जाऊ या," तेव्हा मी आरतीचे कडवेच चुकलो. शेजारच्या काकांनी टाळ्या थांबवून माझ्याकडे पाहिले. गणपतीनेही पाहिले असावे, कारण पुढे जे घडले ते त्याच्या परवानगीवाचून घडणे शक्य नव्हते.

क्रूझ म्हणजे काय हे मला अगदीच ठाऊक नव्हते अशातला भाग नाही. मी बी.कॉम. आहे. दुसऱ्या वर्षाला आम्हाला मरीन इन्शुरन्स होता. समुद्राविषयी माझे जे काही ज्ञान आहे ते त्या पाठातून आलेले. आणि त्या सबंध पाठात बोट सुखरूप पोचल्याचे एकही उदाहरण नव्हते. पहिल्या उदाहरणातली बोट खडकावर आपटते, दुसरीला आग लागते, तिसरीत चाचे शिरतात, आणि चौथी बंदरात पोचते खरी, पण माल भिजलेला असतो. त्यात ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ नावाचा एक भाग होता. तो मला परीक्षेत आला होता. तो काय आहे ते शेवटी सांगतो. परीक्षेतही मी तो शेवटीच लिहिला होता.

आता मी कोण ते सांगून टाकतो. मी बँकेत कारकून आहे. २०२४ सालापासून आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. नाव बदलल्यामुळे एवढाच फरक पडला की पूर्वी कस्टमर "अहो क्लार्क" म्हणून ओरडत, आता नाव लांब असल्यामुळे नुसतेच ओरडतात. वय पंचेचाळीस. घरात माणसे चार. मी, आमची ही, आम्हाला जरा उशिराच पावलेले चिरंजीव बंडू, वय वर्षे चार, आणि आई, वय वर्षे सत्तर. बाबा २०२१ साली गेले.

माझ्याकडे खर्चाची एक वही असते. तिच्यात जमा, खर्च आणि शेवटच्या पानावर ‘सस्पेन्स’ असे तीन विभाग आहेत. जी रक्कम कुठे गेली ते समजत नाही, ती आम्ही बँकवाले सस्पेन्स खात्यात टाकतो आणि मग ती मिटवण्याच्या मागे लागतो. बँकेत ते खाते मिटवावेच लागते. माझ्या वहीतही मिटवतो. साडेबारा रुपयांचा हिशेब लागला नाही म्हणून मी एका रविवारी घरातल्या सगळ्या पँटींचे खिसे उलटे केले होते.

तर क्रूझ. मुंबईहून संध्याकाळी निघायचे, सकाळी गोवा. दिवसभर गोवा पाहून संध्याकाळी बोटीवर परत, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. रात्री दोन. खोल्यांचे तीन प्रकार. गॅलरीवाली, खिडकीवाली आणि आतली. ‘आतली’ म्हणजे जिला चारी बाजूंनी भिंती असतात. माझी दृष्टी दरपत्रकावर वरून खाली उतरत उतरत जिथे थांबली, ती ही आतली खोली.

"खिडकी नाही?" हिने विचारले.

"रात्री समुद्र काळाच असतो. काळी खिडकी आणि काळी भिंत यात फरक काय?"

यावर तिने नुसते माझ्याकडे पाहिले. लग्नाला अठरा वर्षे झाली की बायकोला उत्तरे द्यावी लागत नाहीत.

मग प्रश्न आला आईचा. मी सुचवले की आईला तीन दिवस डोंबिवलीला ताईकडे ठेवावे. "या वयात तिला बोट लागेल. उलट्या होतील. तिथे डॉक्टर असेल, नसेल." हे सगळे मी फार कळवळून बोललो. खरे कारण वहीत होते. खोलीत तिसऱ्या मोठ्या माणसाचे भाडे वेगळे पडत होते.

"ठीक आहे," ही म्हणाली. "मग मीही बंडूला घेऊन डोंबिवलीला जाते. तुम्ही एकटे जा आणि भिंत बघा."

आई आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "मी कशाला रे? मी बोट पुष्कळ पाहिलीय." आणि लगेच आत जाऊन तिने ट्रंकेतली जाड शाल उन्हात टाकली. मी तिसऱ्या माणसाचे पैसे भरले.

आईने बोट पाहिली होती हे खरे. तिचे माहेर देवगडकडचे. त्या काळी कोकणात जायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. सकाळी सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागे. वाटेत जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे. पण बंदर हे नावाला. बोट समुद्रातच उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येत, आणि उतारूंनी बोटीतून पडावात आणि पडावातून किनाऱ्यावर उतरायचे. पावसाळ्यात सगळे बंद. ऐंशीच्या दशकानंतर ही रोजची बोट इतिहासजमा झाली, आणि माणसे रात्रभर एस.टी.त घाटाची वळणे मोजत कोकणात जाऊ लागली.

आमच्या घरात बोटीचा दुसराही एक इतिहास होता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळच काशाच्या खडकापाशी बुडाली आणि सहाशेवर माणसे गेली. आमच्यातले कुणी तिच्यावर नव्हते. पण आमची आजी त्या दिवसापासून ‘बोट’ म्हटले की देवाला हात जोडी. आणि हात जोडून झाले की बोटीनेच माहेरी जाई. दुसरा रस्ता कुठे होता?

निघायच्या दिवशी आम्ही बॅलार्ड पियरला पोचलो. बोटीचे नाव मी सांगत नाही. चांगले बोललो तर जाहिरात होईल आणि वाईट बोललो तर नोटीस येईल. सामान तपासले, माणसे तपासली, आणि आम्ही धक्क्यावर आलो. समोर बोट उभी होती. मान मागे टाकली तरी टोक दिसेना.

"बोट कुठे आहे?" बंडूने विचारले.

"ही काय समोर."

"ही तर बिल्डिंग आहे."

मी नीट पाहिले. मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. मजल्यावर मजले, ओळीने गॅलऱ्या, एका गॅलरीत कुणाचा तरी टॉवेलही वाळत पडलेला. बंडूच्या कल्पनेतली बोट म्हणजे गेटवेवरून सुटणारी लाँच, नाहीतर आजी पावसाळ्यात जुन्या कॅलेंडरच्या कागदाची करून देते ती. दोन्ही हलतात. ही हलत नव्हती. आत गेल्यावर तर लिफ्ट लागली. लिफ्ट असलेली वस्तू बोट असूच शकत नाही, हे त्याने मनाशी पक्के केले, आणि पुढचे दोन दिवस तो भेटेल त्याला विचारत राहिला, "काका, बोट कधी येणार?"

सुटण्याआधी कवाईत झाली. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की सगळ्यांनी ठरल्या जागी जमायचे आणि लाइफजॅकेट कसे घालायचे ते पाहायचे. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ नावाची प्रचंड बोट खडकाला घासून आडवी झाली, तेव्हा तिच्यावरच्या कितीतरी उतारूंची कवाईत व्हायचीच होती. तेव्हापासून ही कवाईत बोट सुटायच्या आधी किंवा सुटता सुटता उरकून घेतात. मी हे सगळे आईला समजावून सांगितले.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," आई म्हणाली. "भोंगा झाला की माणसं डबे सोडायची."

आमची खोली ‘आतली’ असल्याचे आत गेल्यावर फारच जाणवले. दिवा घालवला की रात्र, लावला की दिवस. टीव्हीवर मात्र बोटीच्या नाकावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून समुद्र दिसे. मी मोठ्या उत्साहाने तो लावून दिला. "हे बघ आई, समुद्र!"

आईने दोन मिनिटे पाहिले. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "टीव्हीवरच बघायचा तर घरचा टीव्ही मोठा आहे रे."

ती हे तक्रारीने बोलली नाही, म्हणून ते जास्त लागले.

खोलीतला दुसरा प्रकार म्हणजे संडास. बोटीवरच्या संडासात पाणी अगदी थोडे पडते; बटण दाबले की हवा सगळे ओढून घेते, आणि त्या वेळी वाघ खोकल्यासारखा आवाज होतो. पहिल्यांदा तो आवाज झाला तेव्हा बंडू आत होता. तो तसाच बाहेर आला, आणि ‘ते आपल्याला पण ओढतं’ असे जाहीर करून त्याने त्या जागेवर बहिष्कार टाकला. त्यानंतर प्रत्येक वेळी मी आत उभे राहायचे, बंडू बाहेर पडला की दार लावायचे, तो आजीच्या कुशीत पोचल्याची वर्दी आली की मग बटण दाबायचे. हजारो रुपये भरून मी पर्यटनाचा बराचसा काळ त्या तीन फुटांच्या जागेत वर्दीची वाट पाहत काढला.

जेवणाची व्यवस्था उत्तम होती. चाळीस तरी पदार्थ मांडलेले. लोक ताटात डोंगर रचत होते, कारण जेवणाचे पैसे आधीच भरलेले असतात, आणि आधी भरलेले पैसे वसूल करणे हा आपल्याकडे धर्म आहे. बंडूने चाळीसही पदार्थांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "वरणभात." वरणभात नव्हता. नूडल्स होत्या, पास्ता होता, तीन देशांची सूप्स होती. शेवटी एका गोवेकर वाढप्याला दया आली. त्याने कुठून तरी साधा भात आणि फोडणी न दिलेली डाळ आणून दिली. बंडूने दोन रात्री आणि एक सकाळ तेवढेच खाल्ले. मी वहीत नोंद केली : वरणभात, भाव समजला नाही.

पैशांचा व्यवहार मात्र मला बँकवाला म्हणून हादरवून गेला. बोटीवर नोट चालत नाही. किनारा सुटला की मोबाइलची रेंज जाते. एकच कार्ड. त्यानेच खोली उघडायची आणि त्यानेच आइस्क्रीम घ्यायचे. खिशातून काही जात नाही म्हणून खर्च होतोय असे वाटतच नाही. हिशेब शेवटच्या सकाळी दाराखालून सरकवतात. मी गेली बावीस वर्षे लोकांना क्रेडिट कार्डाचे धोके समजावतोय. पण गार वारा, चौथ्या वर्षातले पोर आणि हातात कार्ड, यापुढे भला भला हेडकॅशिअर टिकणार नाही.

रात्री नऊच्या सुमाराला बोट थोडी डुलू लागली. मी हिला म्हणालो, "आईकडे लक्ष दे हं. तिला त्रास होईल." हे वाक्य पुरे होण्याच्या आत माझ्या पोटातल्या तीन देशांच्या सूपांनी उठाव केला.

बोट लागणे म्हणजे डोळे आणि कान यांचे भांडण. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती सांगते की आपण हलतोय. आणि समोरची भिंत पाहून डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत. दोन खात्यांचे बॅलन्स जुळले नाही की बँकेत जे होते तेच शरीरात होते. उपाय एकच. उघड्यावर जाऊन दूर क्षितिजाकडे पाहायचे, म्हणजे डोळ्यांनाही हलणे पटते. पण क्षितिजाला खिडकी लागते, आणि ती मी वाचवली होती. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो म्हणतात. आमचे पोर पलंगावर उड्या मारत होते. सत्तरीची आई माझ्या उशाशी बसून आलेपाकाची वडी भरवत होती.

"लहानपणीही तुला लागायची," ती म्हणाली. "तेव्हा दोन वर्षांचा होतास."

मला उत्तर द्यायची ताकद नव्हती. हिने औषधाची गोळी दिली आणि मी झोपलो.

जाग आली तेव्हा घड्याळात चारला दहा कमी होती. तोंड कोरडे पडले होते म्हणून दिवा लावला. ही झोपली होती. आईचा पलंग रिकामा होता. बंडूची जागाही रिकामी होती.

संडासात पाहिले. नव्हते. दार उघडून बाहेर पाहिले. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखीच दारे, जमिनीवर सारखाच गालिचा, आणि माणूस कुणी नाही.

आतापर्यंत मी जे लिहिले ते गंमत म्हणून लिहिले. त्या दहा मिनिटांत गंमत नव्हती. मी हिला हलवले, "दोघं नाहीत," एवढेच म्हणालो. तिने एक प्रश्न विचारला नाही. "तुम्ही जा. परत आले तर मी इथे आहे," म्हणाली, पण तिचा हात माझ्या बाहीवरून सुटत नव्हता, तो मला सोडवावा लागला. मी पायजम्यावर, अनवाणी धावलो. लिफ्टची वाट बघवेना म्हणून जिने चढलो. डोक्यात मरीन इन्शुरन्सची सगळी उदाहरणे एकदम आली. कठडा किती उंच आहे, बंडू किती उंच आहे. आई रात्रीची चष्म्याशिवाय गेली असेल तर? आणि आजीची ती ‘रामदास’. दोन दिवस मी पोराच्या शर्टाची कॉलर सोडली नव्हती; आणि आता हातात कॉलर नव्हती.

सर्वांत वरच्या उघड्या डेकचे दार ढकलले. वारा तोंडावर आला. खुर्च्या ओळीने मांडलेल्या, सगळ्या रिकाम्या. शेवटच्या खुर्चीत एक जाड शाल बसली होती. शालीच्या वरच्या टोकाला आईचे डोके होते आणि मधून बंडूचे. शेजारी बोटीवरचा एक पहारेकरी पोरगा हात मागे बांधून उभा होता.

"आई!" मी ओरडलो. आवाज फाटला.

"हळू," आई म्हणाली. "तो मोजतोय."

बंडू बोटे मोजत होता. "एक, दोन, तीन... आला!"

दूर, डाव्या अंगाला, अंधारात एक ठिपका लकाकला आणि विझला. मग पुन्हा अंधार. पुन्हा ठिपका.

"देवगडचं दीपगृह," आई म्हणाली. "तुला उठवलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस. पोर उठलं, ‘बोट कुठे आहे’ म्हणून विचारायला लागलं, म्हटलं चल दाखवते."

मला रागवायचे होते. वाक्ये तयार होती. पण पाय कापत होते म्हणून मी आधी खाली बसलो, आणि बसल्यावर वाक्ये सापडेनात. पहारेकरी पोरगा मालवणकडचा निघाला. "काकी म्हणतत तां खरां," तो म्हणाला. "तो देवगडचोच दिवो. मी त्येंका खुर्ची दिलंय. कठड्याकडे जावक दिलंय नाय."

मी खाली जाऊन हिला घेऊन आलो. ती काही बोलली नाही, येऊन आईच्या पायाशी बसली आणि बंडूचा पाय मुठीत धरून राहिली. बोट लागायची ती कुठल्या कुठे पळाली होती. कदाचित दूरवर पाहत होतो म्हणून असेल.

मग आईने सांगितले. ते मी पंचेचाळीस वर्षांत कधी ऐकले नव्हते. कधी विचारलेही नव्हते.

१९८१ चा मे महिना. मी दोन वर्षांचा. आम्ही तिघे गावी निघालेलो. बाबांनी तीन महिने पैसे बाजूला टाकून एक प्रेशर कुकर घेतला होता. गावात कुणाकडे नव्हता. आईला तो सासरी दाखवायचा होता. रात्री बोट देवगडसमोर उभी राहिली. पडाव आला. पडाव लाटेबरोबर वर येई आणि खाली जाई. वर आला की त्या क्षणी उतरायचे, नाहीतर पुढच्या लाटेची वाट पाहायची. बाबा आधी उतरले. आईच्या एका कडेवर मी, दुसऱ्या हातात कुकरची पिशवी. खलाशी म्हणाला, "वैनी, एक हात दोराक होयो. पोर द्या."

"मी देईना," आई म्हणाली. "अंधार, खाली काळं पाणी. मागून माणसं ओरडतायत, बोटीचा भोंगा होतोय. खालून तुझे बाबा ओरडतायत, ‘दे, मी झेलतो.’ मला वाटलं, दोन्ही हातांत काहीतरी आहे म्हणून हे सगळं अडलंय. मी कुकर सोडला."

"पाण्यात?"

"मग काय पडावात? डुबुक् झालं. एक हात मोकळा झाला, दोर धरला, आणि तुला घेऊनच उतरले."

"बाबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? घरी सासूबाईंनी विचारलं, मुंबईहून काय आणलंत. तर म्हणाले, काही नाही, यंदा जमलं नाही. दोन वर्षं मग त्यांनी दुपारचा चहा बंद केला नि मी दुपारच्या शिवणाच्या शिकवण्या धरल्या, तेव्हा दुसरा कुकर आला. त्यांनी कधी विषय काढला नाही. मीही नाही." दीपगृहाचा ठिपका पुन्हा लकाकला. "ते गेल्यापासून वाटायचं, एकदा बघावं तो दिवा अजून लागतो का."

बंडू इतका वेळ कठड्यापलीकडे पाहत होता. खाली बोटीच्या अंगाला फेस उसळत होता. तो एकदम म्हणाला, "बाबा, आपण हलतोय! ही बोट आहे!"

आता जनरल अ‍ॅव्हरेज. समजा, बोट वादळात सापडली. सगळी बुडण्यापेक्षा कप्तान काही माल जाणूनबुजून समुद्रात फेकतो. त्याला ‘जेटिसन’ म्हणतात. बोट हलकी होते आणि वाचते. मग ज्याचा माल फेकला त्या एकट्याचे नुकसान होऊ देत नाहीत. जे जे वाचले त्या सगळ्यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात ते वाटून घ्यायचे. हा नियम दोन हजार वर्षांहून जुना, रोड्स बेटावरच्या व्यापाऱ्यांपासून चालत आलेला समजतात. अट एकच. फेकणे हे संकटात, मुद्दाम आणि सर्वांना वाचवण्यासाठी झालेले असले पाहिजे. परीक्षेत मला या प्रश्नाला बारापैकी नऊ मार्क मिळाले होते. तीन कशाचे गेले ते त्या पहाटे समजले. मी उदाहरण चुकीचे लिहिले होते.

१९८१ साली देवगडच्या पाण्यात एक कुकर गेला. त्याचा भाग बाबांनी दुपारच्या चहात भरला, आईने शिवणात भरला. वाचलेल्या मालाने, म्हणजे मी, आजतागायत काही भरलेले नव्हते. उलट त्या मालाने खिडकीचे पैसे वाचवले होते आणि आईला डोंबिवलीला ठेवायचे घाटले होते.

गोवा पाहिला. त्याचे वर्णन करत नाही. ते सगळ्यांनी पाहिलेले आहे. संध्याकाळी बोटीवर परत आल्याबरोबर मी खिडकीच्या खोलीची चौकशी केली. शिल्लक नव्हती. मग निदान देवगड पुन्हा चुकू नये म्हणून गजर लावला, मध्यरात्रीच्या सुमाराला उठलो आणि आईला हाक मारली.

"आई, चल. दिवा बघायला."

"अरे, काल बघितला ना," आई कूस बदलत म्हणाली. "लागतोय तो. झोप आता, आणि ह्यांनाही झोपू दे."

मी एकटाच वर गेलो. मालवणचा पोरगा तिथेच होता. त्याने न बोलता खुर्ची पुढे केली.

घरी आल्यावर बंडूने जिन्यातल्या पोरांना जमवून सहल सांगितली. "आम्ही एका हॉटेलात राहिलो. तिथल्या संडासात वाघ होता. मग रात्री आजीने बोट आणली." यात दुरुस्ती करावी असे मला कुठे वाटले नाही.

त्या रात्री मी वही उघडली. जमा, खर्च, सगळे जुळले. दाराखालून आलेल्या बिलातले आइस्क्रीमसुद्धा जुळले. मग शेवटचे पान काढून सस्पेन्स खात्यात एक ओळ लिहिली : ‘कुकर एक, सन १९८१, देवगड. देणे.’ रकमेची जागा मोकळी ठेवली. ही मागून वाचत होती.

"हे कधी मिटवणार?" तिने विचारले.

वही मिटून मी दिवा घालवला. प्रत्येक खाते मिटवलेच पाहिजे असा नियम फक्त बँकेत आहे.